रुळांची रुंदी आणि चार्जरची पिन

दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक घरात एक खण असा निघतोच, की जो उघडताच वायरींचे भेंडोळे बाहेर पडते. नोकियाच्या जाड पिनचा चार्जर, त्यानंतर आलेल्या बारीक पिनचा चार्जर, चपट्या तोंडाचा आणि उलटा धरला की आत न जाणारा, कॅमेऱ्याचा, दाढीच्या यंत्राचा, आणि ज्याचे यंत्र कोणते होते हे घरात कोणालाच आठवत नाही असा एखादा. गृहिणी म्हणते, "फेकून द्या एकदाचे." गृहस्थ म्हणतात, "राहू द्या, कधी लागला तर?" आणि खण पुन्हा बंद होतो. हा खण नांदेडला वजिराबादेतल्या घरी असो, लातूरला गंजगोलाईच्या आसपास असो, की पुण्यामुंबईच्या एखाद्या सदनिकेत असो. आतला ऐवज थोड्याफार फरकाने तोच.

मौज अशी की, त्याच घरात बल्बचा असा खण कधी साठत नाही. दोन खुंट्यांचा बल्ब कोणत्याही कंपनीचा आणा, होल्डरमध्ये तो बिनतक्रार बसतो. पेन्सिल सेल घड्याळात चालतो, रिमोटमध्ये चालतो आणि मुलांच्या खेळण्यातही चालतो. भिंतीवरच्या तीन भोकांच्या खोक्याला मिक्सर कोणत्या कारखान्यात झाला याची चौकशी करावी लागत नाही. कारण या वस्तूंची मापे कोणीतरी एकदा बसून ठरवली आणि सर्वांनी ती पाळली. प्लग आणि सॉकेट यांच्यासाठी तर आपल्याकडे भारतीय मानकच आहे.

मग मोबाइलच्या चार्जरनेच काय घोडे मारले होते? त्याच्या पिनसाठी एकच माप ठरवायला इतकी वर्षे का लागली? आणि आता ते ठरत असताना जगातल्या मोठमोठ्या कंपन्या आणि सरकारे यांच्यात एवढी वादावादी कशासाठी झाली? प्रश्न दिसायला पिनएवढा आहे. परंतु तो नीट समजून घ्यायचा, तर मराठवाड्यातल्या माणसाला युरोपात जाण्याची गरज नाही. त्याने आपल्याच रेल्वेचे रूळ आठवावेत. मापे निरनिराळी असली की काय भोगावे लागते, हे नांदेड आणि लातूर या दोन गावांनी सबंध विसावे शतकभर अनुभवलेले आहे.

वादाची हकिगत

प्रथम हा वाद काय, ते थोडक्यात पाहू. भारतात मोबाइलवरून पहिले संभाषण झाले ते १९९५ च्या जुलैत. त्यानंतरच्या काळात प्रत्येक कंपनी आपल्या फोनला आपल्या पसंतीचे तोंड देत असे. एकाच कंपनीच्या दोन फोनांनाही कित्येकदा दोन तऱ्हेचे चार्जर लागत. फोन बदलला की चार्जर बाद. युरोपीय संघाच्या हिशेबाप्रमाणे २००९ च्या सुमारास त्यांच्या बाजारात तीसहून अधिक प्रकारचे चार्जर होते. तेव्हा युरोपीय आयोगाने मोठ्या कंपन्यांना एकत्र बसवले आणि त्यांच्याकडून स्वखुशीचा करार करून घेतला. मायक्रो यूएसबी नावाचे एक लहानसे चपटे तोंड सर्वांनी वापरावे, असे ठरले. त्यामुळे प्रकार तीसवरून तीनवर आले. परंतु ते तीन काही केल्या एक होईनात.

कारण ॲपल कंपनीने २०१२ साली लाइटनिंग नावाची आपली स्वतःची पिन आणली. इतर कंपन्या पुढे टाइप-सी या पिनकडे वळल्या. या पिनचा आराखडा २०१४ साली प्रसिद्ध झाला. ती दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे उलटसुलट कशीही आत जाते. तिच्यात चोवीस संपर्कबिंदू आहेत, आणि तिच्यातून वीज, माहिती व चित्र ही तिन्ही जाऊ शकतात. तेव्हा युरोपने विनंती पुरे केली आणि कायदा करायला घेतला. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपीय संसदेत मतदान झाले. बाजूने ६०२, विरुद्ध १३, तटस्थ ८. मोबाइल, टॅब्लेट, कॅमेरे, हेडफोन वगैरेंना २८ डिसेंबर २०२४ पासून टाइप-सी सक्तीचे झाले, आणि लॅपटॉपसाठी कायद्यात २८ एप्रिल २०२६ ही तारीख घातली गेली. कायदा लागू होण्याची वाट न पाहता ॲपलने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या नव्या आयफोनला टाइप-सीचे तोंड दिले.

आपल्याकडेही हा विचार त्याच सुमारास झाला. १६ नोव्हेंबर २०२२ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने उत्पादकांची व इतर संबंधितांची बैठक घेतली. स्मार्टफोन, टॅब्लेट, लॅपटॉप यांना टाइप-सी असावे आणि साध्या बटणांच्या फोनसाठी वेगळा एक समान चार्जर असावा, असा तिथे सर्वसाधारण सूर निघाला. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने टाइप-सीचे मानक प्रसिद्ध केले. मानक प्रसिद्ध होणे आणि त्याची सक्ती होणे या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

एकच पिन असावी असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा सोपा आहे. ग्राहकाचा पैसा वाचतो आणि कचरा कमी होतो. टाकून दिलेल्या व न वापरलेल्या चार्जरांचा दरवर्षी सुमारे अकरा हजार टन कचरा होतो, असा एकट्या युरोपीय संघाचा अंदाज आहे. विरोधकांचे म्हणणे असे की, सरकारने कायद्याने एक आकार ठरवून टाकला, तर उद्या याहून चांगली पिन शोधण्याची उमेद कोणाला राहील? दोन्ही म्हणणी नुसती ऐकली तर रास्त वाटतात. आता ती आपल्याकडच्या एका जुन्या अनुभवाला लावून पाहू.

तीन रुळांचा मराठवाडा

मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली धावली. त्याआधीच भारतातल्या रुळांची रुंदी किती असावी, याचा खल झाला होता. इंग्लंडात तेव्हा दोन रुंदींचे भांडण ताजे होते. ग्लॉस्टर स्टेशनावर एका गाडीतला माल उतरवून दुसऱ्या रुंदीच्या गाडीत चढवावा लागे, आणि अखेर १८४६ साली तिथल्या संसदेला रुंदीसाठी कायदा करावा लागला होता. हा प्रकार हिंदुस्थानात होऊ नये, सर्व देशाला एकच रुंदी असावी, असा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याचा आग्रह होता. साडेपाच फूट म्हणजे १,६७६ मिलिमीटर ही रुंदी ठरली. आपण जिला ब्रॉडगेज म्हणतो ती हीच.

परंतु ब्रॉडगेजला खर्च फार. १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या सरकारने काटकसरीसाठी दुसरे, अरुंद माप पत्करले. त्या वेळी देशात मीटरची मापे आणण्याचे सरकारच्या मनात होते, म्हणून रुळांची रुंदीही नेमकी एक मीटर धरली. मीटरची मापे बाजारात यायला पुढे सुमारे नव्वद वर्षे लागली. मीटरगेज मात्र ताबडतोब आला आणि देशभर पसरला.

निजामाच्या राज्यातली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली, ती याच मीटरगेजवर. मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत सहाशेहून अधिक किलोमीटरचा हा मार्ग छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद), जालना, परभणी, नांदेड या गावांतून जाई. नांदेडला रेल्वे आली, ही केवढी मोठी सोय झाली. परंतु मनमाडला येणारी मुंबईची गाडी ब्रॉडगेजची. म्हणजे नांदेडहून मुंबईला निघालेल्या कुटुंबाला मनमाडला उतरणे भाग. वळकटी, ट्रंक, पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि झोपलेली मुले घेऊन फलाट बदलायचा, आणि पुढच्या गाडीत जागा मिळेल की नाही या विवंचनेत उभे राहायचे. काचीगुडा-मनमाड अजिंठा एक्सप्रेस कितीही वेगाने आली, तरी तिचे रूळ मनमाडलाच संपत. माणसे निदान स्वतःच्या पायांनी गाडी बदलत. कापसाच्या गाठींना पाय नसतात. त्या हमालांनी उतरवायच्या आणि हमालांनीच चढवायच्या. दोनदा हमाली, वाटेतली नासाडी आणि वाघिणी मिळेपर्यंतचा खोळंबा, हे सगळे मालाच्या किमतीत चढे. शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या दरातून ते वजा होई.

लातूरची कथा तर आणखी निराळी. तिथे ना ब्रॉडगेज आला, ना मीटरगेज. तिथे आली अडीच फुटांची, म्हणजे ७६२ मिलिमीटरची बार्शी लाइट रेल्वे. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी तिची सुरुवात झाली. १९११ साली ती लातूरला पोचली आणि दुसऱ्या बाजूने पंढरपूरवरून १९२७ साली मिरजेला गेली. लातूरच्या पेठेतली डाळ, तेलबिया आणि कापूस या छोट्या गाडीतून कुर्डुवाडीला जाई आणि तिथे ब्रॉडगेजच्या वाघिणीत भरला जाई. म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर असलेली नांदेड आणि लातूर ही दोन गावे, पण एकीचे रूळ एक मीटरचे, दुसरीचे अडीच फुटांचे आणि मुंबईचे साडेपाच फुटांचे. आपल्या खणातल्या तीन पिनांच्या चार्जरांसारखीच ही अवस्था. फरक इतकाच की, तो खण बंद करून पुढच्या दिवाळीपर्यंत विसरून जाणे कोणाला शक्य नव्हते.

कॅलथ्रॉपची बाजू

मग अडीच फुटी रूळ घालणारा माणूस मूर्ख होता काय? मुळीच नाही. आणि हाच या वादातला विचार करण्याजोगा भाग आहे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता. त्याने हिशेब असा मांडला की, ज्या भागात मोठी रेल्वे परवडणार नाही तिथे लहान पण शास्त्रशुद्ध रेल्वे घालावी. इंजिन असो, मालाचा डबा असो की उतारूंचा, प्रत्येक आसावर येणारे वजन पाच टनांपर्यंतच राहील अशी त्याने रचना केली. त्यामुळे हलके रूळही पुरेसा माल पेलू लागले. त्याच्या या कामाची नक्कल पुढे इतरत्रही झाली. बार्शी-लातूरच्या प्रदेशाला ब्रॉडगेजची वाट पाहावी लागली असती, तर कदाचित आणखी पन्नास वर्षे बैलगाडीवरच भागवावे लागले असते. त्या काळच्या माणसांना अडीच फुटी गाडी ही अडचण वाटली नाही. त्यांना ती देणगीच वाटली.

ॲपलच्या लाइटनिंगचेही तसेच आहे. २०१२ साली इतर फोनांत जी मायक्रो यूएसबी होती, ती उलटी जात नसे, लवकर सैल होई आणि अंधारात तर माणसाची परीक्षाच पाही. लाइटनिंग तिच्याहून नक्कीच सरस होती. समजा, युरोपने २००९ मध्येच कायदा करून मायक्रो यूएसबी सर्वांच्या गळ्यात बांधली असती, तर टाइप-सी जन्माला येऊन बाजारात स्थिरावली असती काय? ही शंका खोटी म्हणता येणार नाही. माप फार लवकर पक्के केले, तर कच्चेच फळ पिकले असे समजून खाण्याची पाळी येते.

परंतु विरोधकांच्या म्हणण्यात एक गोष्ट सांगायची राहून जाते. वेगळे माप ज्याच्या हाती असते, त्याला त्या वेगळेपणातून मिळकत असते. ज्या कंपनीची पिन, तिच्या परवानगीशिवाय तिच्यासाठी तार बनवता येत नाही. आणि परवानगी फुकट मिळत नाही. ती मिळकत चालू राहावी म्हणून वेगळेपण टिकवले जाते आणि त्याला नवीन संशोधनाचे नाव दिले जाते. टाइप-सी ही एका कंपनीची मालमत्ता नाही. अनेक कंपन्यांच्या संघटनेने मिळून ती तयार केली आणि आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ती मान्य झाली. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, पण गोलाई त्यांतल्या एकाही रस्त्याच्या मालकीची नाही, म्हणूनच तिथे बाजार भरतो. समान मापालाही ही अट हवीच.

हाली, कल्दार आणि नवा पैसा

माप एक करायचे ठरले, तरी बदलाचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो, हा पुढचा प्रश्न. याचीही उजळणी मराठवाड्याला झालेली आहे.

हैदराबाद संस्थानाचे नाणे स्वतंत्र होते. त्याला हाली शिक्का म्हणत, आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला कल्दार. १९४८ साली संस्थान भारतात आले, तरी हाली रुपया लगेच गेला नाही. सात हाली म्हणजे सहा कल्दार, या हिशेबाने दोन्ही नाणी काही काळ सोबत चालली, आणि १९५९ पर्यंत जुने नाणे पुरते हद्दपार झाले. सातास सहा हे प्रमाण शाळकरी मुलाला सोपे. पण बाजारात भाजी विकायला बसलेल्या बाईला प्रत्येक सौद्यात ते करावे लागले, तर घोटाळा तिचाच होणार.

त्यातच १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. आता आण्याचे नेमके सव्वासहा नये पैसे होतात, पण सव्वा पैसा असे काही नाणे नव्हते. म्हणून एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस असे कोष्टक करावे लागले. चार आणे एकदम दिले तर पंचवीस पैसे. तेच एकेक आणा करून चार वेळा दिले तर चोवीसच. जो एका वेळी आण्याचाच व्यवहार करू शके, त्या गरिबाचा चार आण्यांमागे एक पैसा गेला. पुढे शेर जाऊन किलोग्रॅम आला, त्या वेळीही किरकोळ खरेदी करणाऱ्यालाच हिशेब पुन्हा शिकावा लागला.

म्हणून ती सुधारणा नको होती काय? तसे आज कोणीच म्हणणार नाही. दशमान नाण्यांनी आणि वजनांनी देशाचा व्यवहार सोपा केला. पण बदल करताना एक पैसा कोणाच्या खिशातून जातो, हे पाहणे बदल करणाऱ्याचे कर्तव्य आहे. चार्जरच्या बाबतीतही हाच मुद्दा उभा आहे. पिन एकच झाली, घरात चार्जर असतोच, या कारणाने काही कंपन्यांनी फोनच्या खोक्यातून चार्जर काढून टाकला. कचरा कमी होतो हे खरे. परंतु ज्याच्या घरी खरोखरच चार्जर नाही, जो पहिल्यांदाच असा फोन घेतो आहे, त्याला तो वेगळा विकत घ्यावा लागतो. खोक्यातली वस्तू कमी झाली, तर किंमतही तेवढी कमी झाली काय, हे ग्राहकाने विचारलेच पाहिजे.

तोंड एक, पोटे अनेक

आता एक व्यवहारातली गोष्ट. पुष्कळांची अशी समजूत असते की, टाइप-सीची पिन बसली म्हणजे काम झाले. तसे नाही. भोक सारखे असले, तरी तारेच्या आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही.

एक तार फक्त वीज नेते, माहिती नेत नाही. दुसरी साठ वॅटपर्यंतची वीज नेते. तिसरी दोनशे चाळीस वॅटपर्यंत नेते, आणि त्यासाठी तिच्या पिनमध्ये एक सूक्ष्म चकती बसवलेली असते. ती चार्जरला आपली ताकद सांगते. फोनच्या अंगातली गतीही कंपनीगणिक वेगळी. एका कंपनीचा फोन तिच्याच चार्जरवर अर्ध्या तासात भरतो आणि दुसऱ्याच्या चार्जरवर दीड तास घेतो, कारण जलद वीज देण्याची तिची रीत खासगी असते. काही स्वस्त विजेऱ्या आणि दिवे तर असे असतात की, तोंड टाइप-सीचे, पण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली तार लावली तर ते मुळीच चार्ज होत नाहीत. त्यांना जुन्या रुंद चौकोनी टोकाची तारच लागते. बनवणाऱ्याने आतले काही पैशांचे दोन रोधक वाचवलेले असतात.

म्हणूनच युरोपच्या कायद्याने नुसता आकार ठरवून हात झटकले नाहीत. पंधरा वॅटहून अधिक वीज घेणाऱ्या उपकरणाला यूएसबी पॉवर डिलिव्हरी ही समान पद्धतही समजली पाहिजे, अशी अट त्याने घातली. या पद्धतीत चार्जर आणि फोन यांची आधी बोलणी होतात. चार्जर सुरुवातीला पाचच व्होल्ट देतो. फोनने मागितले तर नऊ, लॅपटॉपने मागितले तर वीस. म्हणून लॅपटॉपचा चांगल्या प्रतीचा चार्जर फोनला लावला, तर फोन जळेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. फोन आपल्याला झेपेल तेवढेच मागतो.

भीती बाळगायची ती निकृष्ट मालाची. मोबाइलच्या चार्जरवर मानक ब्यूरोची खूण आणि नोंदणी क्रमांक असणे आपल्याकडे बंधनकारक आहे. तो क्रमांक ब्यूरोच्या मोबाइल ॲपवर टाकून खरा की खोटा हे पाहता येते. लातूरला बाहेरगावची हजारो मुले शिकवणीच्या वर्गांसाठी खोल्या घेऊन राहतात. एका खोलीत चार मुले, भिंतीवर एक सॉकेट आणि त्यात एक चार्जर, असे दृश्य तिथे नवलाचे नाही. एक पिन झाल्याचा सर्वांत मोठा फायदा अशा खोलीलाच आहे. आणि खोट्या मालाचा सर्वांत मोठा धोकाही तिथेच आहे. मुलाला पाठवताना आईवडिलांनी फराळाच्या डब्याबरोबर खूण पाहून घेतलेला एक चार्जर द्यावा. तो चौघांच्याही उपयोगी पडेल.

मिरजेहून आलेले पाणी

एवढे सगळे करून एका मापाने शेवटी मिळते काय? काही पैसे, थोडा कमी कचरा, रिकामा झालेला एक खण? तेवढेच असते, तर या विषयावर दिवाळी अंकाची पाने खर्च करायचे कारण नव्हते. पुन्हा रुळांकडे वळू.

१९५४ साली बार्शी लाइट रेल्वे सरकारने ताब्यात घेतली, तरी तिची रुंदी कित्येक वर्षे तीच राहिली. १९९२ साली रेल्वेने सर्व देशात एकच रुंदी आणण्याची योजना हाती घेतली. नांदेडला त्या दशकात मनमाडच्या बाजूने ब्रॉडगेज आला. आज अमृतसरहून निघालेली सचखंड एक्सप्रेस हुजूर साहिबच्या भाविकांना कोठेही गाडी बदलायला न लावता नांदेडला आणून सोडते. लातूरचे काम २००० नंतर झाले. लातूर ते धाराशिव २००७ साली आणि धाराशिव ते कुर्डुवाडी २००८ साली रुंद रूळ सुरू झाले. पुढे पंढरपूर-मिरज मार्गही रुंद झाला. जिथे एके काळी अडीच फुटांची गाडी येऊन थांबे, त्या लातुरात २०२० च्या डिसेंबरात नव्या कारखान्याने रेल्वेच्या डब्याचा पहिला सांगाडा तयार केला.

रुळांची रुंदी बदलायला घेतली तेव्हा कोणी काय फायदे सांगितले असतील? मालवाहतूक सोपी होईल, मुंबईची थेट गाडी मिळेल. खरा फायदा मात्र कोणाच्याही कागदावर नव्हता. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी उरले नाही. मांजरा धरण आटले. तेव्हा राजस्थानातल्या कोट्याच्या रेल्वे कारखान्यात टाकीच्या वाघिणी वाफेने धुऊन साफ करण्यात आल्या आणि मिरजेला धाडण्यात आल्या. मिरजेला पाणी भरले गेले, आणि १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला पोचली. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेस सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी आणू लागली.

ती गाडी मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर अशी आली. म्हणजे, थोडीफार वळणे सोडली, तर कॅलथ्रॉपच्या अडीच फुटी रेल्वेचाच हा मार्ग. दहा वर्षांपूर्वी हा दुष्काळ पडता, तर कोट्याच्या वाघिणी कुर्डुवाडीच्या पुढे एक पाऊलही टाकू शकल्या नसत्या. पाणी कुर्डुवाडीला उतरवून पुन्हा छोट्या टाक्यांत भरणे किंवा टँकरने ओढणे एवढाच उपाय उरला असता. राजस्थानातली वाघीण लातूरच्या रुळांवर चालली, कारण कोणीतरी अनेक वर्षे आधी, कोणताही दुष्काळ डोळ्यांपुढे नसताना, दोन्हींची रुंदी एक करून ठेवली होती.

समान मापाची खरी किंमत ही अशी असते. ती रोजच्या हिशेबात पुरती दिसत नाही. अडचणीच्या दिवशी शेजाऱ्याची वस्तू आपल्या उपयोगी पडते, तेव्हाच ती कळते.

पुढचे रूळ

पिनचा वाद आता बहुतेक मिटल्यासारखा आहे. पण त्याच जातीचा दुसरा वाद आपल्या दारात उभा आहे. नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर विजेवर चालणाऱ्या दुचाकी दिसू लागल्या आहेत, आणि त्या चार्ज करण्याची तोंडे कंपनीगणिक निराळी आहेत. २०२३ साली मानक ब्यूरोने हलक्या वाहनांसाठी, भारतातच तयार झालेल्या एका जोडपिनला मानक म्हणून मान्यता दिली. परंतु ती सर्वांनी वापरलीच पाहिजे असे नव्हते. म्हणजे आपण पुन्हा एकदा १८७० च्या उंबरठ्यावर आहोत. प्रत्येकाने आपापले रूळ टाकावेत, की आधी रुंदी ठरवावी?

उत्तर कॅलथ्रॉपच्या आणि मनमाडच्या अनुभवातून काढता येते. नवीन कल्पनेला सुरुवातीला मोकळीक द्यावी. नाही तर लातूरला रेल्वेच आली नसती. परंतु ती कल्पना स्थिरावली, की मग माप एक करण्यास उशीर लावू नये. जितका उशीर, तितके जास्त रूळ उखडावे लागतात. ठरवलेले माप एका मालकाचे नसावे. आकाराबरोबर आतली रीतही ठरवावी. आणि बदलाचा भुर्दंड, एकेक आणा मोडणाऱ्याच्या अंगावर टाकू नये.

सरकार आणि कंपन्या यांनी काय करावे ते त्यांचे ते जाणोत. ग्राहकाच्या हातात मात्र एक प्रश्न आहे. या दिवाळीत दुकानात वस्तू घेताना रंग आणि किंमत यांबरोबर दुकानदाराला एवढेही विचारावे : "याला दुसऱ्या कंपनीची पिन चालेल ना?" चार गिऱ्हाइकांनी विचारले, तर तो हसेल. चारशेंनी विचारले, तर पुढच्या खेपेस तो हाच प्रश्न माल देणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला विचारील.